काढलेला सिंह रडतो, खरा दिसणारा काहून रडत नाही?

सीताबर्डीकर

राजेहो, प्रश्न सरळ आहे. गाजलेल्या ॲनिमेशनपटांचे खऱ्या माणसांचे किंवा खऱ्या दिसणाऱ्या प्राण्यांचे रिमेक निघून राहिले. पैसा ओततात, तंत्र कुठल्या कुठे गेलेलं असतं, आणि तरी थेटरातून बाहेर पडणारा माणूस 'हाव, ठीक होता' म्हणत पार्किंगची चिठ्ठी शोधायला लागतो. काहून?

तीन उत्तरं आधीच बाजूला ठेवतो. एक, 'लहानपणीच्या आठवणी'. मूळ चित्रपट कधीच न पाहिलेल्यालाही नवा फिका वाटू शकतो, त्याचं काय? दोन, 'व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर घडवलेली दृश्यं, वाईट'. २०१९च्या 'द लायन किंग'ला व्हीएफएक्ससाठी ऑस्करचं नामांकन होतं. तीन, 'डिस्ने कंपनीला फक्त पैसा पाहिजे'. १९९४ साली मूळ 'लायन किंग' काढतानाही तिला पैसाच पाहिजे होता, ती काही अन्नछत्र चालवत नव्हती.

विचारण्याचं कारण असं की सुट्टीच्या शिबिरात १० ते १४ वयाच्या मुलांसाठी दीड तासाचं सत्र आखायचं आहे. मूळ आणि रिमेक, एकच प्रसंग, शेजारी शेजारी. कोणता प्रसंग घ्यावा आणि मुलांना नेमकं काय पाहायला सांगावं?

तर्रीपोहे

सोपं आहे. पोहे बदलले, बशी बदलली, चमचाही स्टीलचा आणला. तर्री विसरले.

चालू द्या, मी बाकड्यावर बसलो आहे.

चोवीस_फ्रेम

चेहऱ्यापासून सुरू करू. १९९४च्या सिंहाला भुवया आहेत. खऱ्या सिंहाला त्या जागी नुसती लव असते. काढलेल्या सिंहाच्या बुबुळाभोवती पांढरं दिसतं, खऱ्या सिंहाचं जवळजवळ दिसतच नाही. आपण समोरच्याची भीती, राग, ओशाळलेपण यातलं बरंचसं याच दोन ठिकाणांवरून वाचतो: भुवईचा आतला कोपरा वर आहे की खाली, आणि डोळ्यात पांढरं किती दिसतं. प्राणी हुबेहूब करायचे असं ठरलं त्याच दिवशी या दोन्ही खुणा गेल्या. उरले कान, नाकपुड्या आणि शेपूट. कुत्र्याला निदान भुवई आतून वर उचलणारा स्नायू असतो, म्हणून बिस्किटासाठी तो तसं तोंड करू शकतो.

मग ओठ. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटावे लागतात. सिंहाच्या जबड्याला माणसासारखे वळणारे ओठ नाहीत. ॲनिमेटरपुढे दोनच रस्ते उरतात. ओठ माणसासारखे वळवले तर सिंहाला मुखवटा चढवल्यासारखं दिसतं. जबडा नुसता उघडमीट केला तर आवाज पडद्यामागून कोणी देऊन राहिलं असं वाटतं. २०१९ला दुसरा रस्ता धरला. म्हणून बाप मेल्यावर पिल्लू 'बाबा, उठा' म्हणतं तेव्हा कान रडणं ऐकतो, डोळे मात्र एक गोंडस बछडा तोंड उघडताना पाहतात. दोघांची साक्ष जुळत नाही.

शिवाय अंगाची हालचाल. काढलेलं शरीर उडीआधी दबतं, हवेत लांबतं, पडताना चपटं होतं. घनफळ तेवढंच राहतं, आकार बदलतो. यालाच स्क्वॉश अँड स्ट्रेच म्हणतात. खऱ्या सांगाड्यात हाड लांबत नाही. आणि सेकंदाला फ्रेम २४ असल्या तरी हाताने काढलेल्या कामात बऱ्याचदा चित्रं १२च असतात, एकेक चित्र दोन फ्रेम धरलेलं. म्हणजे त्या सेकंदात काय दिसावं आणि काय गाळावं हे कोणीतरी बारा वेळा ठरवलेलं असतं. तो निवडानिवडीचा हात म्हणजेच अभिनय. रिमेकमध्ये गोष्ट तीच ठेवतात आणि नट काढून टाकतात. मग निराशा होईल नाही तर काय?

लाकडी_नंदी

चोवीसभाऊंना दंडवत. हेच आपल्या भाषेत सांगायचं तर पोरांचा तान्हा पोळा आठवा. लाकडी नंदी, खाली चार चाकं, डोळे रंगाने काढलेले, शिंगं प्रमाणापेक्षा मोठी. पोट्टे त्याला मिठी मारतात, मिरवणुकीत ओढत नेतात. आता त्याच नंदीवर खऱ्या बैलाचं कातडं चढवा आणि काचेचे ओले डोळे बसवा. कोण हात लावील त्याला?

मासाहिरो मोरी नावाच्या जपानी संशोधकाने १९७० साली रोबोंबद्दल हेच मांडलं होतं. माणसाशी साम्य वाढत जातं तशी आपुलकी वाढत जाते, पण जवळजवळ खरं वाटायला लागलं की ती एकदम दरीत कोसळते. आणि वस्तू हलायला लागली की दरी आणखी खोल होते. यालाच अनकॅनी व्हॅली म्हणतात.

धरमपेठी

धाग्याच्या गृहीतकावरच आक्षेप. निराशा कोणाची? २०१९चा 'लायन किंग' जगभरात १६० कोटी डॉलरच्या वर गेला. २०१७चा 'ब्यूटी अँड द बीस्ट' १२० कोटींच्या वर. 'अलादीन' १०० कोटींच्या वर, २०२५चा 'लिलो अँड स्टिच'ही तसाच. लोक निराश होत असते तर इतके पैसे कुठून आले? चार समीक्षक आणि आपल्यासारखे फोरमवरचे रिकामटेकडे सोडले तर घरची मंडळी खूश असतात. एसीत दोन तास, पोरं शांत, आणखी काय पाहिजे?

चोवीस_फ्रेम

@धरमपेठी, तिकीट आधी काढतात आणि निराशा नंतर होते. गल्ला उत्सुकता मोजतो, समाधान नाही. त्याच प्रेक्षकांची ती उत्सुकता पुन्हा पुन्हा वटवायला निघालं की काय होतं ते २०२५च्या 'स्नो व्हाइट'ने दाखवलं. २० कोटी डॉलरच्या आसपास येऊन थांबला आणि खर्च त्याहून जास्त होता.

धरमपेठी

आणि त्याच वर्षी दोनच महिन्यांनी 'स्टिच' धावला. मग तुमचा नियम कुठे गेला?

कात्री

त्या वादात न पडता लांबीकडे बघा. १९४१चा 'डम्बो' ६४ मिनिटांचा, २०१९चा ११२. 'ब्यूटी अँड द बीस्ट' ८४ वरून १२९. 'द लिटल मर्मेड' ८३ वरून १३५. 'अलादीन' ९० वरून १२८. 'लायन किंग' ८८ वरून ११८. गोष्ट तीच, वर अर्धा-पाऊण तास पाणी.

याचं कारण कामाच्या क्रमात आहे. ॲनिमेशनमध्ये संकलन आधी होतं. स्टोरीबोर्डची चित्रं ओळीने लावतात, कामचलाऊ आवाज टाकतात आणि अख्खा चित्रपट कच्चा बघतात. त्याला स्टोरी रील म्हणतात. रेंगाळणारा प्रसंग तिथेच उडतो, कारण नंतर प्रत्येक सेकंद हाताने काढायचा असतो आणि फेकून द्यायला कोणालाच परवडत नाही. कॅमेऱ्याने चित्रीकरण करताना उलटं चालतं. एकच प्रसंग पाच बाजूंनी टिपून ठेवतात, टेबलावर काय ते ठरवू म्हणतात. मग टेबलावर सगळंच चांगलं वाटायला लागतं.

वाढलेली मिनिटं जातात कुठे? स्पष्टीकरणात. 'ब्यूटी'त नायिका बेलच्या आईचं काय झालं, तर प्लेग, आणि ते दाखवायला पॅरिसला नेणारं जादूचं पुस्तक. १९९१ साली आईचा प्रश्नच कोणाला पडला नव्हता, कारण परीकथेत आई नसते हे मुलांना ठाऊक असतं. 'लायन किंग'मध्ये सिंबा या नायक सिंहाच्या आयाळीचा एक झुपका वाऱ्यावर निघतो, पाण्यातून वाहतो, जिराफाच्या पोटात जातो, शेणातून बाहेर येतो, शेणकिडा तो गोळा ढकलत नेतो, आणि मग कुठे तो रफिकी या म्हाताऱ्या माकडाच्या हाती लागतो. निसर्गपट म्हणून उत्तम. पण तोवर सिंबाचं काय चाललंय हे प्रेक्षक विसरतो.

तर्रीपोहे

जिराफाच्या पोटातून येईपर्यंत मध्यंतर होऊन समोसा खाऊन झाला असेल.

वैनगंगा

'जंगल बुक'चं नाव अजून कोणी काढलं नाही? नागपूरकरांनो, दोनेक तासांच्या रस्त्यावर पेंचचं जंगल आहे. किपलिंगच्या १८९४च्या पुस्तकातल्या सिवनीच्या टेकड्या आणि वैनगंगा नदी म्हणजे आपलंच अंगण.

२०१६चा रिमेक मला या रांगेत वेगळा वाटतो आणि तो का चालला हे समजून घेण्यासारखं आहे. पडद्यावर एक खरा मुलगा आहे, बाकी जवळजवळ सगळं संगणकावरचं. चित्रीकरण लॉस एंजेलिसमध्ये, सेटवर. त्या मुलाचा चेहरा खरा असल्यामुळे भाव वाचायला एक जागा मिळते. अस्वल कोरडं राहिलं तरी अस्वलाकडे बघणारा पोरगा कोरडा नाही. २०१९च्या सिंहांना असा साक्षीदारच नाही. शिवाय १९६७चा चित्रपट मुळात गाण्यांच्या दोऱ्यात ओवलेले प्रसंग आहेत, कथा पातळ. त्यात भर घालायला जागा होती. 'लायन किंग' आधीच घट्ट विणलेला होता, त्यात जे घातलं ते गाठीसारखं टोचलं.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. ओरांगउटान फक्त बोर्निओ आणि सुमात्रात सापडतो. १९६७ला त्याला वानरांचा राजा केला तेव्हा कोणी विचारलं नाही, कारण चित्रातलं जंगल कुठलंच नसतं. २०१६ला जंगल 'खरं' करायचं म्हटल्यावर हिशेब द्यावा लागला, म्हणून त्याला जायगँटोपिथेकस केलं, म्हणजे लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला महाकाय वानर, ज्याचे जीवाश्म दक्षिण चीनमध्ये मिळतात. एक खोटं झाकायला दुसरं. (किपलिंगच्या पुस्तकात हा राजा नाहीच. तिथल्या बंदरलोकांना राजा नसतो, तीच त्यांची गंमत आहे.) आणि उन्हाळ्यात पेंचला जाऊन आलेल्या कोणालाही विचारा. सागाची पानं झडलेली, जमीन वाळक्या पानांनी कुरकुरती, नाल्यात गोटे. पडद्यावरचं जंगल मात्र बाराही महिने ओलंचिंब. ही तक्रार १९६७बद्दल डोक्यातही येत नाही. वास्तवाचा दावा केला की लोक वास्तवाची मोजपट्टी काढतात.

सीताबर्डीकर

वैनगंगाताई, शेवटचं वाक्य फळ्यावर लिहून ठेवण्यासारखं आहे. शिबिरात वापरीन, नाव सांगून.

तर्रीपोहे

रच्याकने, हे रिमेक कॉपीराइट वाढवून घ्यायला काढतात म्हणे. खरं का?

धरमपेठी

नाही. ही अफवा दर धाग्यावर येते. रिमेक काढला तरी मूळ चित्रपटाची मुदत एक दिवसानेही वाढत नाही. नव्या चित्रपटात जे नवीन असेल तेवढ्याचाच नवा हक्क मिळतो. १९२८चा मिकी माउसचा 'स्टीमबोट विली' १ जानेवारी २०२४ला अमेरिकेत हक्कमुक्त झालाच ना. किपलिंग १९३६ साली गेला, भारतात त्याच्या पुस्तकाचा हक्क केव्हाच संपला. उद्या कोणी रामटेकला मोगली काढला तरी चालेल. फक्त त्या कंपनीच्या अस्वलाचं रूप आणि त्यांची गाणी उचलायची नाहीत.

तर्रीपोहे

मोगली वऱ्हाडी बोलला तर मी पहिल्या दिवशी पहिला शो. "काहून बे शेरखान, मले खातं काय?"

ओष्ठ्य

तर्रीभाऊ, हलके घेत घेत मुद्द्यावरच आलात. आपल्याकडे ही निराशा तेवढी तीव्र पोहोचत नाही, याचं एक कारण हिंदी डबिंग आहे. २०१६ला शेरखान नाना पाटेकर, बघीरा ओम पुरी, बल्लू इरफान आणि तोही पंजाबी ढंगात. नानांचा शेरखान तर दूरदर्शनवरच्या जपानी ॲनिमेशन मालिकेपासूनचा. २०१९च्या 'लायन किंग'ला सिंबाचा बाप मुफासा शाहरुख, सिंबा आर्यन, त्याचे दोस्त टिमॉन श्रेयस तळपदे आणि पुंबा संजय मिश्रा. आवाजात इतका मसाला असला की चेहऱ्याचा कोरडेपणा बराच झाकला जातो.

तांत्रिक गंमत अशी की चोवीस_फ्रेम यांनी सांगितलेला ओठांचा दोष डबिंगवाल्यांच्या पथ्यावर पडतो. काढलेल्या पात्राचं तोंड स्पष्ट आकार घेतं. पडद्यावर ओठ मिटले की हिंदी वाक्यातही तिथे प-ब-म आणावा लागतो, आणि 'ओ'च्या गोल तोंडावर 'ई' गेला तर लगेच कळतं. म्हणून संवादलेखक वाक्य फिरवून फिरवून बसवतो. खऱ्या दिसणाऱ्या सिंहाचा जबडा नुसता वरखाली होतो, त्यामुळे सुरुवात, शेवट आणि मधले श्वास जुळले की पुरे. लेखक मोकळा सुटतो, टिमॉन-पुंबाच्या तोंडी हवं ते घालता येतं. इंग्रजीत पाहिलेला आणि हिंदीत पाहिलेला, हे दोन वेगळे चित्रपट समजून बोला.

कात्री

+१. हा कोन माझ्या डोक्यात आला नव्हता.

खिंडसी

चेहरे आणि लांबी सोडून एक प्रसंग घेते. 'मुलान', पुरुषाच्या वेषात सैन्यात जाणाऱ्या चिनी मुलीची गोष्ट, १९९८ आणि २०२०. जुन्यात खांबावर चढून बाण काढायची परीक्षा आहे. दोन्ही मनगटांना वजनं, ती खाली ओढतात, सगळे घसरून पडतात. मुलान रात्रभर धडपडते आणि शेवटी दोन्ही वजनांचे पट्टे खांबामागे एकमेकांत अडकवून त्यांचाच आधार करून चढते. ओझं तेच, वापर बदलला. हे सगळं गाणं चालू असताना, एका शब्दाच्या संवादाशिवाय, आणि सात वर्षांच्या मुलालाही समजतं.

नव्यात पाण्याने भरलेल्या दोन बादल्या हात पसरून धरून डोंगर चढायचा. ती चढते, कारण तिच्यात 'ची' नावाची शक्ती जन्मापासून आहे. झालं. डोकं चालवलं नाही, शिकली नाही, होतीच ती तशी. गाणी गेली, ड्रॅगन गेला, तलवारीने केस कापायचा प्रसंगही गेला. त्यामागे कारण होतं: त्या काळचे चिनी पुरुषही लांब केस ठेवत, म्हणजे केस कापून वेषांतर होत नाही. इतिहास बरोबर आहे. पण त्या प्रसंगात कापलेले केस म्हणजे मागे टाकलेलं घर होतं. ते काढलं तर त्या जागी तेवढ्याच वजनाचं काही ठेवायला हवं होतं, ठेवलं नाही. हा दोष संगणकाचा नाही आणि भुवयांचाही नाही, सरळ लिहिण्याचा आहे. तेव्हा चोवीसभाऊ, सगळं चित्रावर ढकलू नका.

चोवीस_फ्रेम

मान्य. 'मुलान' माझ्या नियमात बसत नाही.

पण 'अलादीन'चा जिनी बसतो. जुना जिनी ॲनिमेटर एरिक गोल्डबर्गने ॲल हर्शफेल्डच्या व्यंगचित्रांची वळणदार रेघ समोर ठेवून घडवला. अंग म्हणजे एक लांब लपेट. एका गाण्यात तो किती रूपं घेतो मोजून बघा, बोटं पुरत नाहीत. हाताने काढताना नवं रूप म्हणजे आणखी काही चित्रं. संगणकावर तेच करायचं तर प्रत्येक रूपासाठी नवं मॉडेल, त्याला हलवणारा सांगाडा म्हणजे रिग, त्वचेचं टेक्श्चर, केस असतील तर त्यांची मांडणी म्हणजे ग्रूम, कपडा असेल तर त्याचं वेगळं गणित, मग प्रकाश आणि रेंडर. दोन सेकंदांच्या विनोदासाठी कित्येक आठवड्यांचं काम. साहजिकच रूपं कमी होतात आणि प्रत्येक रूप पडद्यावर जास्त वेळ थांबतं. विनोद थांबला की मेला. विल स्मिथची चूक नाही त्यात.

लाकडी_नंदी

अवांतर: नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे, म्हणजे थट्टेचे पुतळे, आठवा. कोणाचा बडग्या आहे हे लांबून कळतं कारण नाक हातभर आणि पोट घागरीएवढं. मापात केला तर लोक विचारतील, हा कोण बा?

'ब्यूटी'तली बोलणारी चहाची किटली तशीच. जुनीत तोटी म्हणजेच तिचं नाक, म्हणून ती किटलीही असते आणि बाईही. नव्यात चेहरा किटलीच्या बाजूवर नक्षीसारखा उमटवला आणि तोटी नुसती तोटी राहिली. एम्मा थॉम्पसनचा आवाज चांगला, पण तो किटलीतून येत नाही, किटलीवरून येतो.

पाणीदार

रंगाबद्दल कोणी बोललं नाही. पाण्यात खोल जाताना सगळ्यात आधी लाल रंग शोषला जातो. काही मीटरवरच लाल वस्तू तपकिरी-काळपट दिसायला लागते. 'लिटल मर्मेड'मध्ये नायिकेचे केस लाल, खेकडा लाल. १९८९ला चित्रकाराने पाणी निळं रंगवलं आणि केस लालच ठेवले, प्रश्न मिटला. २०२३ला पाणी खरं वाटायला हवं म्हणून गढूळपणा, दूरचं धूसर, वरून येणारी तिरीप हे सगळं आणलं. प्रकाश खरा झाला की रंगही खऱ्यासारखे मरतात. आणि नट पाण्यात नसतातच. तारा आणि यंत्रांवर लटकून निळ्या पडद्यापुढे पोहल्यासारखं करतात, तरंगणारे केस नंतर संगणकावर लावतात. मान, खांदे आणि केस यांची लय जरा चुकली की डोळ्याला 'काहीतरी खोटं' एवढंच कळतं, काय ते सांगता येत नाही.

त्यात थ्रीडी चष्मा. साध्या टूडी प्रक्षेपणासाठी पडद्यावरच्या उजेडाचं प्रमाण १४ फूट-लँबर्ट ठरलेलं आहे. थ्रीडीत चष्म्यामागे पोहोचतो तो याच्या निम्म्याहूनही कमी. आधीच मळकट रंगवलेला चित्रपट अशा उजेडात म्हणजे अंबाझरी तलावाच्या पाण्यात डोळे उघडून बघणं. हे रिमेक बघायचेच तर टूडीत बघा, निम्मी तक्रार तिथेच जाईल.

धरमपेठी

निम्मी नाही जात. पण पैसे वाचतात.

आता माझा प्रश्न कोणी टाळू नका. 'स्टिच' आणि 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन', दोन्ही २०२५चे, लोकांना आवडले. ड्रॅगनवाला तर बऱ्याच ठिकाणी चित्राला चित्र लावून केलेला आहे, नवं फार काही नाही. नक्कल वाईट असेल तर ही का चालली?

चोवीस_फ्रेम

कारण अंतर कमी होतं. २०१०चा मूळ चित्रपट हाताने काढलेला नव्हता, संगणकावरच घडवलेला होता. त्याच्या प्रकाशासाठी रॉजर डीकिन्स हा खऱ्या चित्रपटांचा छायालेखक सल्लागार होता. म्हणजे मूळच अर्ध्या वाटेवर उभं होतं. दिग्दर्शक डीन डेब्लोई दोन्हीकडे, संगीत जॉन पॉवेलचं दोन्हीकडे. आणि मुख्य म्हणजे टूथलेस या ड्रॅगनचे डोळे त्यांनी मोठेच ठेवले. ड्रॅगन अस्तित्वात नाही, त्यामुळे 'खरा ड्रॅगन असा नसतो' म्हणणारा कोणी नाही. स्टिचचंही तेच. निळा, मोठ्या कानांचा, चार हातांचा परग्रहवासी. मूळ रूपाला फक्त लव चढवली, आकार हलवला नाही. सिंहाचं दुर्दैव एवढंच की सिंह खरोखर असतो.

खिंडसी

तरी 'स्टिच'च्या शेवटाबद्दल ओरड झालीच. मोठी बहीण शिकायला दूर जाते हे कित्येकांच्या पचनी पडलं नाही. चित्र बरोबर आणि लेखन वादग्रस्त. माझा मुद्दा उभा आहे.

चोवीस_फ्रेम

हाव, उभा आहे.

कात्री

'सोनिक'चंही सांगायला हवं, तो ॲनिमेशनपटावरचा नाही, व्हिडिओ गेमवरचा चित्रपट असला तरी. २०१९च्या एप्रिलमध्ये झलक आली. लहान डोळे, माणसासारखे दात, लांब पाय. लोक तुटून पडले. कंपनीने प्रदर्शन नोव्हेंबरवरून पुढच्या फेब्रुवारीवर नेलं आणि पात्र पुन्हा घडवलं: डोळे मोठे आणि जवळ, दात कमी, हातात पांढरे मोजे. चित्रपट चालला. लाकडी नंदीला कातडं लावून बघितलं, पोट्टे रडले, कातडं काढलं.

ढोलकपूर_रिटर्न

सगळे परदेशीच घेऊन बसले. आपला 'छोटा भीम' विसरलात का जी? 'कर्स ऑफ दम्यान' २०१२ला ॲनिमेशनमध्ये आला आणि २०२४च्या मेअखेर त्याच नावाने खऱ्या कलाकारांत, मूळ दिग्दर्शक राजीव चिलकांनीच. अनुपम खेर गुरु शंभू.

इथे सिंहाच्या उलट अडचण आहे. मूळ ॲनिमेशन साधंच होतं, ते मागे टाकणं अवघड नव्हतं. पण पात्राची मापं बघा. कार्टूनमधल्या भीमाचं डोकं उंचीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भरतं. खऱ्या बारा वर्षांच्या मुलाचं सातव्या हिश्शाच्या आसपास. डोकं लहान झालं की चेहरा लांबून वाचता येत नाही. तो उघडा-अंगाचा, धोतरातला गोल पुतळा जाऊन स्नेहसंमेलनातला मुलगा उरतो. आणि लाडू! कार्टूनमध्ये लाडू तोंडात, चमक, दंडाची बेटकुळी, एका सेकंदात काम. खऱ्या माणसाला लाडू चावावा लागतो, गिळावा लागतो. तोवर राक्षस काय वाट बघत उभा राहणार?

तर्रीपोहे

बुंदीचा असेल तर दोन सेकंद. डिंकाचा असेल तर राक्षस घरी जाऊन येईल.

सीताबर्डीकर

आता माझ्या सत्राकडे येऊ का? आतापर्यंतच्या चर्चेवरून 'लायन किंग'मधलं मुफासाच्या मृत्यूचं दृश्य घ्यावं असं वाटतंय.

चोवीस_फ्रेम

ते घेऊ नका. १० वर्षांची मुलं रडतील आणि मोजायचं विसरतील. त्याच चित्रपटातलं लहान सिंबाचं 'राजा होण्याची घाई' हे गाणं घ्या. जुन्यात गाणं सुरू होताच पार्श्वभूमी बदलते. झाडं-आकाश जाऊन सपाट भडक रंग आणि आफ्रिकी नक्षी येते, प्राणी एकावर एक चढून मनोरा करतात. म्हणजे आपण सिंबाच्या डोक्यात शिरलो. नव्यात तेच गाणं पाणवठ्यावर: दोन बछडे खऱ्या प्राण्यांच्या पायांतून पळतात. आपण डोक्याबाहेरच राहतो.

पद्धत अशी ठेवा. प्रत्येकी ६० सेकंदांचा तुकडा. पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवा आणि सिंबा कधी खूश, कधी चिडलेला, कधी बढाई मारतोय ते मुलांना कागदावर लिहू द्या. दुसऱ्या फेरीत तीन गट करा: एकाने कट मोजायचे, दुसऱ्याने भुवया किंवा डोळ्यांचा आकार किती वेळा बदलला ते, तिसऱ्याने पार्श्वभूमीचा रंग किती वेळा बदलला ते. तिसऱ्या फेरीत कुठेही थांबवा, डोळे किलकिले करून नुसता काळा आकार बघायला सांगा: पात्र ओळखू येतं का, काय करतंय ते कळतं का? शेवटी पडदा बंद करून दोन्हीतला आठवेल तो एक क्षण दहा सेकंदांत रेघांनी काढू द्या. कोणत्या चित्रपटातला जास्त जणांनी काढला ते मोजा. निकाल आधी सांगू नका, उलटाही येऊ शकतो.

खिंडसी

वेळ उरला तर मुलानचा खांब आणि बादल्या जोडीने दाखवा. तिथे एकच प्रश्न: 'ती वर कशी पोहोचली?' एका वाक्यात लिहा म्हणावं.

वैनगंगा

आणि एक रिमेक चांगला म्हणूनही दाखवा, नाही तर मुलं समजतील नवं ते सगळं टाकाऊ. २०१५चा 'सिंड्रेला' घ्या. निळा झगा गोल फिरताना त्याचे पातळ थर एकमेकांवर कसे सरकतात ते बघायला सांगा. वेशभूषाकार सँडी पॉवेलचं काम. १९५०च्या चित्रात कापडाचं वजन असं दिसत नाही. खऱ्या वस्तूला जे जमतं ते त्यांनी खऱ्या वस्तूकडून करून घेतलं.

धरमपेठी

पूर्ण चित्रपट जाहीर दाखवायचा असेल तर हक्कदाराची परवानगी लागते, तेवढं ध्यानात ठेवा. छोट्या तुकड्यांवरच भागवा.

पाणीदार

उपकरणाचं सांगतो, नाही तर सगळी मेहनत वाया जाईल. टीव्हीवर दाखवणार असाल तर मोशन स्मूदिंग बंद करा. वेगवेगळ्या कंपन्या त्याला वेगवेगळी नावं देतात, चित्राच्या सेटिंगमध्ये 'मोशन' शब्द शोधा. ते दोन फ्रेमच्या मधे स्वतःची फ्रेम घुसवतं. हाताने काढलेल्या चित्रांत त्यामुळे रेघा फाटल्यासारख्या होतात आणि जुना चित्रपट उगाच हरतो. चित्राचा प्रकार 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' नको, 'सिनेमा' ठेवा. प्रोजेक्टर असेल तर खिडक्यांना जाड पडदे. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन चादरीतूनही येतं आणि गडद रंगाचा रिमेक त्यात दिसणारच नाही. दोन्ही तुकडे एकाच उजेडात, एकाच आवाजात, आणि अर्ध्या मुलांना आधी नवा, मग जुना.

सीताबर्डीकर

अर्ध्या मुलांना उलट्या क्रमाने हे सुचलंच नसतं. दोन खोल्या बघतो. वाचनखूण साठवली, निकाल इथेच टाकीन.

तर्रीपोहे

नाश्त्याला काय ठेवलं ते कोणी विचारलंच नाही.

सीताबर्डीकर

पोहे. तर्री वेगळ्या भांड्यात, मुलं लहान आहेत.